बाळाची झोप लावायची तर सकाळपासून सुरुवात करा

रात्री मूल झोपत नसेल तर आधी त्याची सकाळी उठायची वेळ पक्की करा. रोज सातच्या सुमारास पडदे उघडा, त्याला गॅलरीतल्या उजेडात न्या. रात्र कशीही गेलेली असो, रविवार असो. उजेडावरच शरीराचं घड्याळ लागतं. पहिले तीन-चार महिने मात्र वेळापत्रकाचा हट्ट नको, तान्ह्याला भूक लागेल तेव्हा पाजायचंच.

१ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं दुपारच्या एकाच झोपेवर येतात. ती जेवणानंतर लगेच घ्यावी आणि चारच्या आत संपावी. संध्याकाळी गाडीत काढलेली डुलकी रात्री उशिरापर्यंत पुरते!

रात्रीचा क्रम रोज तोच: वरणभात, कोमट पाण्याने अंग पुसणं, मंद दिवा, अंगाई. बाबा उशिरा येतात म्हणून मुलाला जागं ठेवू नका, फार दमलेलं मूल जास्तच किरकिरतं. बाबांच्या वाट्याला सकाळची आंघोळ द्या. डोळे चोळायला, कान ओढायला लागलं की लगेच अंथरुणावर. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपवा. जवळ उशी, दुलई नको.