आवाज तुटतोय? आधी पाय बघा

बडोद्यात नवरात्रातला गरबा एकदा सुरू झाला की मध्यंतरापर्यंत थांबत नाही. गाणं बदलतं, ढोल हींचच्या ठेक्यावरून केरव्याच्या ठेक्यावर येतो, लय चढत जाते, पण मैदानावरची वर्तुळं फिरतच राहतात. स्टेजवर गिटार घेऊन उभं राहिलेल्याला त्या दोन-अडीच तासांत क्लीन (स्वच्छ), क्रंच (थोडा फाटलेला), लीड (एकल सुरांसाठी भरदार), मध्येच ॲकूस्टिकसारखा आवाज असं सतत बदलत राहावं लागतं. आवाज बदलताना पडलेली पोकळी तुमच्या खोलीत ऐकूही येत नाही. मैदानावर ती पाय चुकवते.

मी तीन नवरात्रं त्या पोकळीशी झुंजले. पहिल्या वर्षी तर रावपुऱ्यातल्या आमच्या घरी परत आल्यावर आईशी बोलायचीही ताकद उरायची नाही, इतकं ते मनाला लागायचं. म्हणून यंदा ज्या मुलामुलींच्या हातात पहिल्यांदा मोडेलर, म्हणजे ॲम्प आणि इफेक्टचे आवाज आतच तयार करणारं, पायाने चालवायचं यंत्र, आलंय आणि जे थेट स्टेजवर जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आवाजागणिक वेगळा प्रीसेट (साठवून ठेवलेली अख्खी मांडणी) ही सवय आजच सोडा. घरी ती सोयीची वाटते: एक क्लीनचा, एक लीडचा, नावं दिली की झालं. पण प्रीसेट बदलताना बहुतेक यंत्रांना आधीचे सगळे ब्लॉक, म्हणजे ॲम्प-इफेक्टचे सुटे भाग, उतरवून नवे चढवावे लागतात. नवा ॲम्प, नवा कॅब (स्पीकरची पेटी), नवा रिव्हर्ब (घुमारा) हे सगळं मांडून होईपर्यंत यंत्र आवाज बंद ठेवतं, नाहीतर कर्कश फटका बसेल. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. त्यात चार स्ट्रोक वाजवत असाल तर एकेक स्ट्रोक १२५ मिलिसेकंदांचा. यंत्र तेवढा वेळ गप्प राहिलं तर एक अख्खा स्ट्रोक गेला.

यावर उपाय तुम्हाला माहीत असेलच. एका प्रीसेटमध्ये सगळं मांडायचं आणि स्नॅपशॉटने किंवा सीनने, म्हणजे त्याच प्रीसेटच्या आतल्या साठवलेल्या स्थितींनी, बदलायचं. वेगवेगळ्या मोडेलरमध्ये त्यांची संख्या वेगळी असते. हेलिक्समध्ये एका प्रीसेटला ८ स्नॅपशॉट मिळतात, पॉड गोमध्ये ४, एचएक्स स्टॉम्पमध्ये ३. क्वाड कॉर्टेक्समध्ये ८ सीन आहेत. ॲक्स-एफएक्स थ्रीमध्येही ८ सीन, शिवाय बहुतेक ब्लॉकना चार चॅनेल. स्नॅपशॉट बदलताना ब्लॉक जागेवरच राहतात, फक्त चालू-बंद होतात किंवा त्यांची सेटिंगं बदलतात, म्हणून आवाज तुटत नाही. दोन ॲम्प हवे असतील तर दोन्ही आधीच प्रीसेटमध्ये असले पाहिजेत. डीएसपी, म्हणजे यंत्राची गणनाशक्ती, पुरत नसेल तर एकच ॲम्प ठेवा, पुढे ड्राइव्ह (आवाज फाडणारा इफेक्ट) लावा आणि स्नॅपशॉटगणिक गेन आणि चॅनेल व्हॉल्यूम बदला. माझा गेल्या वर्षीचा अख्खा गरबा एका ॲम्पवर झाला.

शेपटांकडे, म्हणजे मागे घुमत राहणाऱ्या आवाजाकडे, मात्र नीट लक्ष द्या. लीडवरून रिदमवर येताना डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) बंद केला आणि ट्रेल्स, म्हणजे इफेक्ट बंद केल्यावरही शेपूट विरू देणारी सेटिंग, चालू नसतील, तर घुमणारा आवाज कात्रीने कापल्यासारखा थांबतो. यंत्राने क्षणभरही आवाज बंद केलेला नसतो, तरी कानाला पोकळीच ऐकू येते. ट्रेल्स चालू करा आणि डिले-रिव्हर्ब साखळीच्या शेवटी ठेवा. डिले बंद करण्याऐवजी त्याचा मिक्स शून्यावर आणायची युक्ती बरेच जण शिकवतात. तसं केलं की शेपूटही त्याच क्षणी मरतं. दोन स्नॅपशॉटमध्ये डिलेचा वेळही बदलू नका, मागे राहिलेला आवाज सुरातून घसरतो. नवा आवाज आधीच्यापेक्षा हळू असेल तरी पोकळीच भासते. त्यामुळे लीड नेहमी दोन-तीन डेसिबल वर ठेवा, आणि हे हेडफोनवर न ठरवता मोठ्या आवाजात ठरवा.

एवढं सगळं करूनही माझा आवाज तुटतच होता.

तेव्हा मी मोजमाप केलं, तेही तुम्ही करून बघा. फोनवर ४४० हर्ट्झचा सलग सूर लावला, आवाज अगदी कमी ठेवून तो केबलने मोडेलरच्या इनपुटमध्ये सोडला, यूएसबीने लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केला आणि रेकॉर्डिंग चालू असताना बटनं दाबली. पोकळी असेल तर लाटेत रिकामी जागा दिसते, किती मिलिसेकंदांची ते तिथेच मोजता येतं. प्रीसेट बदलताना रिकामी जागा स्पष्ट दिसली. स्नॅपशॉटला काहीच नाही, लाट सलग.

तरीही दुसऱ्या दिवशी मैदानावर तेच. एका अनुभवी गिटारवादकाने न ऐकताच सांगितलं, "यंत्र बदल, स्वस्तातली असंच करतात." मी जुनं विकलं, साठवलेले पैसे वर घातले, महागडं आणलं. पोकळी तिथल्या तिथे. ते पैसे आजही मनात टोचतात. यंत्र बदलायचा सल्ला देणाऱ्याने तुम्हाला मैदानात उभं राहून ऐकलंय का, एवढं विचारा. ऐकलं नसेल तर तो सल्ला घेऊ नका, मग माणूस कितीही मोठा असो.

मला सोडवलं आमच्या ढोलवाल्या काकांनी. त्यांना स्नॅपशॉट म्हणजे काय ते ठाऊक नाही. शेजारी बसून चार रात्री बघत होते. पाचव्या रात्री म्हणाले, "बेटा, तारो पग मोडो उठे छे." पाय उशिरा उठतो. मी म्हटलं, काका, मी तर बटन ठोक्यावर दाबते. ते म्हणाले, दाबतेस बरोबर, पण उठतो उशिरा.

घरी आल्यावर धाकट्या भावाला फोनवर स्लो मोशन लावून फक्त माझ्या पायाचं शूटिंग करायला सांगितलं. सेकंदाला २४० फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. स्टेजवर घालते तेच जाड तळाचे बूट घातले, उभी राहिले, लीडला जाते तशी पुढे झुकले. व्हिडिओत बूट बटनावर टेकला, बटन खाली गेलं, पण दिवा हिरवाच. बूट तिथेच. दिवा अजून हिरवा. टाच हलली, तळ उचलला, आणि त्या क्षणी दिवा लाल झाला. दाबण्यापासून लाल होईपर्यंत ५२ फ्रेम मोजल्या, म्हणजे जवळजवळ २१७ मिलिसेकंद. त्या लयीत पावणेदोन स्ट्रोक!

कारण असं. त्या बटनावर मी दोन कामं नेमली होती: टेकवलं की स्नॅपशॉट, दाबून धरलं की ट्यूनर. तुम्ही बटन दाबलंत तेव्हा तुम्ही सोडणार आहात की धरून ठेवणार आहात हे यंत्राला कसं कळणार? ते वाट बघतं आणि पहिलं काम तुम्ही पाय उचलल्यावर करतं. बऱ्याच यंत्रांत होल्डचं काम नेमलं की हे आपोआप होतं, पडद्यावर कुठे सूचना येत नाही. माझ्या लीडचे पहिले सूर रिदमच्या पातळ क्लीनमध्येच वाजत होते आणि ढोल-कीबोर्डखाली बुडत होते. लोकांना ती पोकळी वाटायची, आणि मलाही. नव्या यंत्रावरही मी ट्यूनर हौसेने तसाच नेमला होता. आणि सुराची चाचणी घेताना मी जमिनीवर बसून बटन बोटाने टिचकी मारल्यासारखं दाबत होते, म्हणून तिथे काही सापडलं नाही.

तेव्हा, स्टेजवर आवाज बदलायच्या बटनांवरून होल्ड पूर्ण काढा. ट्यूनर, लूपर, टॅप टेम्पो दुसरीकडे न्या, हवं तर ट्यूनरचं वेगळं पेडल घ्या. काही यंत्रांत बटन दाबताना काम करेल की सोडताना, अशी सेटिंग असते. तीही तपासा. आणि चाचणी उभं राहून, स्टेजवरचे बूट घालून, गिटार वाजवतच घ्या. होल्ड काढल्यावर आठवडाभर मला सगळं उलटं वाटलं, कारण नकळत मी आधीच दाबायला शिकले होते. तुम्हालाही वाटेल. घाबरू नका, पाय लवकर शिकतो. मी रोज जेवणाआधी वीस मिनिटं मेट्रोनोमवर फक्त क्लीन-लीड-क्लीन करत होते, आठव्या दिवशी बसलं.

विकत मिळणाऱ्या प्रीसेटच्या पॅकवर पैसे घालवू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको. त्यातले बरेच प्रीसेट डीएसपी काठोकाठ भरून बनवलेले असतात, त्यांत तुमचा दुसरा ॲम्प बसवायला जागाच उरत नाही. बाकी आवाज म्हणाल तर ते खरंच छान असतात.

प्रीसेट बदलणं पूर्ण टळत नाही, हेही सांगते. हेलिक्समध्ये प्रीसेट स्पिलओव्हर, म्हणजे आधीच्या प्रीसेटचा आवाज नव्यात घुमत राहण्याची सोय, आहे, पण त्यासाठी एक अख्खा पाथ (ब्लॉकची साखळी) सोडावा लागतो, आणि मला तो सोडवत नाही. माझ्या सेटमध्ये अजूनही एक जागा उरलीय, जिथे ॲकूस्टिकच्या प्रीसेटवर जावंच लागतं. तिथे ढोलाची तिहाई येते आणि कीबोर्डवाला दादा कॉर्ड धरून ठेवतो. तिहाईच्या तिसऱ्या धा वर मी बटन टेकवते, हात तारांवरून उचललेला असतो, आणि समेनंतर एक ठोका सोडून आत येते. काका अजूनही त्या जागी माझ्या बुटाकडे बघतात.