प्लंबिंग शिकताय? हत्यारं नंतर घ्या

नवखी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणती हत्यारं घेऊ?" मी उलट विचारतो, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे बघायची सवय आहे का? हत्यारं काय, कुणीही आणून देईल. पहिले काही महिने मी फक्त पाइप धरायचो, आटे साफ करायचो आणि मिस्त्री मागतील ते हातात द्यायचो.

तेवढ्यातही फजिती झालीच. मिस्त्रींनी अर्ध्या इंचाचा जीआय एल्बो, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा वळणाचा जोड, आणायला सांगितला. मी शहाणपणा करून पाइप बाहेरून मोजला, पाऊण इंचाहून जास्त भरला, म्हणून पाऊणचा एल्बो घेऊन आलो. तो अर्थातच ढगळ बसला. अर्ध्या इंचाच्या लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास 21 मिमीच्या आसपास असतो. 'अर्धा इंच' हे त्याचं नाव आहे, बाहेरचं माप नव्हे. त्याच नावाचा सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिकचा) पाइप मात्र बाहेरून जेमतेम 16 मिमी. म्हणून दोन्ही जोडायला मध्ये आट्यांचा अडॅप्टर लागतो. हा घोळ पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसवून घ्या.

टेफ्लॉन टेप (आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी) आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, नाहीतर फिटिंग आवळताना ती उलगडत जाते. आणि प्लॅस्टिकचे आटे असतील तर 'अजून अर्धा फेरा' हा मोह टाळा. मी टाळला नव्हता. संध्याकाळी कोरडा ठणठणीत असलेला जोड रात्रीतून तडकला आणि सकाळी मला पोछा मारायला जावं लागलं.

सॉल्व्हंटचा, म्हणजे प्लॅस्टिक पाइप चिकटवायच्या द्रवाचा, जोड सोपा वाटतो, तिथंच हलगर्जीपणा होतो. पाइप काटकोनात कापायचा, कडेची कूस काढायची, आधी कोरडा बसवून खूण करायची. मग सॉल्व्हंट लावून, आत ढकलत पाव फेरा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा, कारण पाइप हळूच बाहेर सरकतो. पाणी किती वेळानं सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायचं, ग्राहकाच्या घाईकडे बघायचं नाही.

खरी कसोटी सांडपाण्याच्या लाइनवर लागते. एका घरात बाथरूमला वास येत होता. आमच्या आधी कुणीतरी दोनदा ट्रॅप (जाळीखालचं, पाणी धरून ठेवणारं भांडं) बदलून गेलं होतं. मिस्त्रींनी काहीच उघडलं नाही. वरच्या मजल्यावर मला फ्लश करायला लावलं आणि स्वतः खाली जाळीशी कान लावून बसले. गुडगुड आवाज आला. ट्रॅपमध्ये साधारण 50 मिमी पाणी उभं असतं, तेच खालचा वायू अडवतं. लाइनला हवेचा पाइप नसला की वरून पाणी वेगानं जाताना हे पाणीही ओढून नेतं. ट्रॅप शंभर वेळा बदलला तरी वास तसाच राहिला असता. (बंद घरात पाणी नुसतं वाळूनही वास येतो. तिथं एक तांब्या पाणी ओतलं की काम झालं, त्यासाठी फरशी फोडू नका.)

गळतीचंही असंच. ओल भिंतीवर जिथं दिसते तिथं गळती असेलच असं नाही, पाणी पाइपवरून, स्लॅबमधून वाट काढत भलतीकडे उतरतं. घरात मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा बघा. तो सरकला तर दाबाच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या, लाइनमध्ये गळती आहे, नाही सरकला तर सांडपाण्याकडे किंवा फरशीच्या सांध्यांकडे वळा.

दोन बाबतींत मात्र प्रयोग करायचे नाहीत. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतो म्हणून त्याला बूच मारायचं नाही, दाब वाढला तर टाकी फुटू शकते. आणि बंद चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही, कुणी आत पडलं असलं तरी. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास असतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असं समजून माणसं आत गेली आणि परत आली नाहीत.

नवं बांधकाम की दुरुस्ती, हा प्रश्नही विचारतात. बांधकामावर वेग येतो, नकाशा वाचता येतो, कोर्स केला असेल तर तो तिथं कामी येतो. पण डोकं चालायला लागतं ते दुरुस्तीत. जमलं तर सुरुवातीची दोन वर्षं दोन्हीकडे काढा.

नव्या कामात टाइल बसण्याआधी लाइनवर दाब देऊन चाचणी घ्या आणि दाबमापकाचा काटा उतरतो का बघत बसा. नंतर प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढा. मी हे अलीकडे करायला लागलो. आरसा लावायला ड्रिल घेऊन उभ्या असलेल्या एका घरमालकाचा फोन आला तेव्हा फोटो बघून सांगितलं, "चार इंच डावीकडे सरका."