टाळेबंदीच्या अनुभवावरून तंबाखू सोडण्याची आखणी कशी करावी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कोल्हापुरातील गल्लोगल्लीच्या पानटपऱ्या बंद झाल्या. १५ एप्रिलच्या केंद्रीय आदेशाने दारू, गुटखा व तंबाखूच्या विक्रीला मनाई झाली. ४ मेपासून ती अटींवर उठली. त्या काळात काहींची सिगारेट आपोआप सुटली, तर घरी बसून कंटाळलेल्या काहींची वाढली. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतही हेच दोन्ही प्रकार दिसले. म्हणून आपले काय झाले होते, ते आधी कागदावर लिहून काढावे.

दिवसातील प्रत्येक वेळ वेगळी लिहावी. मित्रांच्या घोळक्यात संध्याकाळी ओढली जाणारी सिगारेट टपरीबरोबर थांबली असेल, तर ती संगतीची सवय होती. तिच्यासाठी रस्ता आणि वेळ बदलणे पुष्कळदा पुरते. मात्र सकाळी उठल्याबरोबर तळहातावर चुना लावून तंबाखू मळल्याशिवाय ज्याला चैन पडत नव्हते आणि त्यासाठी जो वाटेल ती किंमत मोजत होता, त्याचे शरीरच निकोटिनला बांधलेले आहे. त्याला नुसता निर्धार पुरत नाही, औषधाची जोड लागते.

या नोंदीत केवळ धूम्रपान धरले तर हिशेब चुकेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के प्रौढ होते. घरातल्या बायकांची मिश्री कोणी व्यसनात मोजत नाही, पण ती तव्यावर भाजलेली तंबाखूच असते आणि तिला टपरी लागत नाही. तेव्हा मिश्रीची डबी नोंदीत आलीच पाहिजे.

सोडण्याचा दिवस ठरल्यावर घरातला साठा आदल्या रात्रीच काढून टाकावा, म्हणजे टाळेबंदीने बाहेरून लादलेली अडचण आपणच उभी केल्यासारखे होते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड आणि झोपमोड दोन ते चार आठवडे राहू शकते. तलफेची उबळ बहुधा काही मिनिटांत ओसरते. निकोटिनचा च्युइंगगम वापरायचा असल्यास डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी. तो साध्या गमसारखा सतत चघळू नये: झणझण जाणवेपर्यंत सावकाश चावावा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा आणि झणझण गेल्यावर पुन्हा चावावा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा टाळावा, कारण चहाने निकोटिन नीट शोषले जात नाही. कोल्हापूरकरांना हीच अट सर्वांत जड जाईल.

व्यायामाचाही असाच आढावा घ्यावा. राज्यातील व्यायामशाळा २०२० च्या दसऱ्यापर्यंत बंद होत्या, आणि त्या वेळी मोडलेला फेरफटका अनेकांनी पुन्हा धरलेलाच नाही. तलफेच्या वेळेलाच रंकाळा तलावाची फेरी ठेवली की दोन्ही कामे एकदम होतात.

दारूचा नियम मात्र वेगळा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात व भ्रम होऊ शकतो. त्याने आधी कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी डॉक्टरांना भेटावे. तंबाखूसाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते.