जुन्या पेजमेकरसाठी डिस्कची फाईल

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या छापखान्यात खानापूर-निपाणीकडची गिऱ्हाइकं येतात. "थोरलीच्या लग्नाला काढलेली पत्रिका होती बघा, तसलीच द्या." ती पत्रिका विंडोज ९८ वरच्या पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी-कन्नड फॉन्टात. नव्या मशीनवर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा. म्हणून मी विंडोज ९८ क्यूईएमयू एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलंय. त्याची डिस्क म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरची एक फाईल.

ती क्यूईएमयू-आयएमजी या कमांडनं करतात. पुढं क्रिएट, मग आडवी रेघ-एफ देऊन क्यूकाऊ२ हा फॉरमॅट, फाईलचं नाव आणि आकार. ४ जीबी भरपूर झाली. क्यूकाऊ२ आधी जागा अडवत नाही, लिहाल तशी वाढते. रॉ फॉरमॅट साधा, पण स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) वगैरे त्यात नाहीत. उगीच मोठी डिस्क करू नका. ६४ जीबीच्या वर ९८ चा जुना एफडिस्क, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणारा प्रोग्राम, आकारच चुकीचा दाखवतो. एफडिस्क सुरू होताना मोठ्या डिस्कबद्दल विचारतो, तिथं वाय दाबा. एन दाबलं तर एक पार्टिशन २ जीबीच्या पुढं जात नाही.

खरं काम इथून पुढं. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट सगळं बसलं की एम्युलेटरमधलं मशीन नीट बंद करा आणि ती फाईल रीड-ओन्ली करून ठेवा. तिला मी 'मूळ' म्हणतो. आता परत क्रिएट, पण या वेळी लहान बी देऊन मूळ फाईल सांगायची, मोठा एफ देऊन तिचा फॉरमॅट. या नव्या फाईलीत फक्त बदल साठतात. गणपतीच्या पावतीपुस्तकांना एक, लग्नसराईला दुसरी. बिघडली तर फेकून द्या आणि मूळवरून नवी करा. मात्र मूळ पुन्हा थेट चालू करून तिच्यात काही लिहिलंत, तर तिच्यावरून केलेल्या सगळ्या फाईली कामातून जातात. क्यूईएमयू-आयएमजीच्याच कमिटनं एकीचे बदल मूळमध्ये ओतले तरी बाकीच्यांचं तेच. मूळ दुसऱ्या फोल्डरला हलवली तर रीबेस करून नवा पत्ता द्यावा लागतो.

स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो त्याच फाईलच्या पोटात असतो. फाईल गेली की तोही गेला. आणि मशीन बंद असतानाच घ्या. परवा कामावरच्या पोराला विचारलं, "काय करूलालास रे?" तर हा एम्युलेटर चालू ठेवून त्याच डिस्कवर क्यूईएमयू-आयएमजी चालवायच्या तयारीत!

लाईट गेली तर आधी क्यूईएमयू-आयएमजीचा चेक चालवा. दुरुस्ती करायची ती कॉपीवर, कारण चेकला दुरुस्ती सांगणाऱ्या 'आडवी रेघ-आर ऑल'नं कधी बिघाड वाढतोही.

आत फाईली पुसल्या म्हणून बाहेरची फाईल लहान होत नाही. आतली मोकळी जागा शून्यांनी भरून, मशीन बंद करून कन्व्हर्टनं नवी प्रत काढावी लागते. उलट रिसाइझनं डिस्क वाढवली तरी आतलं पार्टिशन जुन्याच मापाचं राहतं, ते वेगळं वाढवा.

पेनड्राइव्हवर प्रत नेणार असाल तर तो एफएटी३२ नको, एक्सफॅट करा. एफएटी३२ वर ४ जीबीची एक फाईल मावत नाही.