खान्देशी ताट मोडू नका, मापा: शुगर, बीपी, मुतखडा आणि कमी रक्तासाठी

घरात कोणाला शुगर निघाली की दोन गोष्टी ठरलेल्या. दुकानातून ओट्सचं पाकीट येतं, आणि कोणीतरी सांगतं, ‘पोळी बंद, आता फक्त भाकरी.’ पाकीट आठ दिवसांत माळ्यावर जातं. भाकरी मात्र दोनाच्या तीन होतात, कारण ती ‘चालते’. तीन महिन्यांनी रिपोर्ट आहे तिथंच.

दादरच्या, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. फुलक्याला २५-३० ग्रॅम पीठ लागतं, तर आपल्याकडच्या हातभर भाकरीला ९०-१०० ग्रॅम सहज. म्हणजे एक भाकरी खाल्ली की तीन फुलके झाले. दादरीत तंतू जास्त आहेत, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे खरंच. पण त्यानं तिसऱ्या भाकरीची भरपाई होत नाही.

म्हणून पहिला आठवडा फक्त पीठ मोजा. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातून ६० ग्रॅम पीठ तोलून आणा, ते घरातल्या एका वाटीत भरा आणि कुठपर्यंत येतं तिथं खूण करा. एका जेवणाला तेवढ्याच पिठाची एक भाकरी. उरलेली भूक भाजी, एक वाटी घट्ट वरण आणि काकडी-मुळ्यावर भागवायची. भाजी आणि वरण आधी, भाकरी मागून. नुसत्या या क्रमानंही जेवणानंतरची साखर कमी चढते. रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्यांना हे जड जातं, आणि कुस्करलेलं ताट चावायच्या आत संपतं. त्यांनी निदान आधी वाटीभर भाजी संपवावी, मग कुस्करावं.

खरं तर शुगरवाल्यांसाठी आपल्याकडे कळणा, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं भाकरीचं पीठ, आधीपासून आहेच. नेहमीचं माप किलोभर दादरीला पाव किलो अख्खे काळे उडीद. शुगर असेल तर पाऊण किलो दादर, पाव किलो उडीद घ्या. उडीद सालासकट हवेत. सालात तंतू, आत प्रथिनं, दोन्हींमुळे पचन सावकाश होतं. दळण थोडं जाडसर ठेवा. उडीद याहून वाढवले तर भाकरी चिवट होते आणि पोटात वारा धरतो. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

बदल लागू पडतोय का, हे ग्लुकोमीटर सांगतो. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. इथंच बहुतेकांची चूक होते. आकडा १८० च्या आत राहिला तर बहुतेकांसाठी ताट ठीक. पुढे गेला तर पीठ १५ ग्रॅमनं कमी करा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी एकदम कमी करू नका. औषध तेवढंच आणि जेवण निम्मं, मग साखर ७० च्या खाली जाते: दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. डोस कमी करणं डॉक्टरांचं काम.

केळी? जळगाव जिल्ह्यात राहून केळी सोडा म्हणणं म्हणजे छळच. सोललेलं मध्यम केळं १०० ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यात २०-२५ ग्रॅम कर्बोदकं. शुगर आटोक्यात असेल तर अर्धं केळं, तेही कमी पिकलेलं, जेवणासोबत नको, दुपारी चार वाजता. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं नातवंडांना द्या. शिकरण विसरा.

आता बीपी. इथं भाकरीला कोणी दोष देत नाही, पण कळणा दळताना टाकलेलं खडे मीठ कोणाच्या हिशेबात नसतं. मिठाची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. चार मोठ्या माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. किलोची पिशवी महिन्यात संपली, तर पापड, बिबडे, लोणचं, शेव मोजण्याआधीच तुम्ही दीडपटीच्या पुढे आहात.

कमी करायचं ते असं: कळणा बिनमिठाचा दळून आणा आणि ठेचा किंवा भरिताच्या मिठावर भाकरी भागवा. पापडखारातही सोडियमच असतं, त्यामुळे ‘पापडात मीठ कमीच टाकलंय’ याला अर्थ नाही. आठवड्यातून एखादा भाजून, बस. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ येतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. मीठ एकदम तोडू नका, घरातले बंड करतात. दर आठवड्याला थोडं थोडं उतरवलं तर जिभेला महिनाभरात सवय होते. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर ते विचारल्याशिवाय आणू नका. अशांनी केळ्याचंही विचारून घ्यावं.

आणि शेवभाजी. रस्सा वाईट नाही, वरची तर्री आणि शेव ही खरी भानगड. शेवेत वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा तेल असतं. रस्सा उतरवून दहा मिनिटं ठेवा, वर आलेली तर्री पळीनं काढून घ्या. शेव वाढताना वरून टाका, माणशी एक लहान मूठ. पातेल्यात टाकलेली शेव रस्सा पिते, मग रस्सा वाढवावा लागतो, मग पुन्हा शेव. त्याच रश्श्यात पातोड्या (शिजवलेल्या बेसनाच्या वड्या) टाकल्या तर बेसन तेच, तळण नाही. वाफवलेले फुणके (वाटलेल्या डाळीचे मुटके) आणि कढीही चालेल, पण कढीच्या मिठावर लक्ष ठेवा. भरिताचं वांगं तुराट्यांवर भाजलेलं, त्यात दोष नाहीच. सोबतच्या पुऱ्यांऐवजी कळणा घ्या.

मुतखड्याचं थोडक्यात: भुसावळ-जळगावला उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, घामात पाणी निघून जातं आणि लघवी दाट होते. मोजायचं ते प्यालेलं पाणी नाही, लघवीचा रंग. पिवळी धमक दिसली की पाणी कमी पडलं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी, आणि उन्हात शेतात काम असेल तर त्यासाठी तीन लिटर पाणीही पुरत नाही. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो ही समजूत सोडा. पालकात मात्र ऑक्झॅलेट भरपूर. पालक खाल तेव्हा वाटीभर दही सोबत घ्या, त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधतं. म्हणून दूध-दही बंद करणं उलट अंगाशी येतं. मीठ इथंही आडवं येतंच, कारण त्यानं लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

रक्त कमी असेल, म्हणजे बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, तर बाजरी, मेथी आणि डाळींवर लिंबू पिळून खायचं. लिंबाशिवाय धान्या-भाजीतलं लोह फारसं अंगी लागत नाही. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको. किमान तासभर थांबा. लोहाची गोळीही चहासोबत किंवा दुधासोबत घ्यायची नाही.

नंदुरबार-धुळ्याच्या सातपुडा पट्ट्यात मात्र आधी सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी. तिथं रक्त कमी दिसतं ते प्रत्येक वेळी लोह कमी म्हणून नव्हे, आणि सिकलसेल असताना मनानं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तर नको तिथं लोह साठू शकतं. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर ‘वाहक’ की ‘रुग्ण’ हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीनं ठरतं. त्यावरचा कागद जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला गोळी लिहिण्याआधी तो दाखवायचा असतो.