रोज चारशे टँकर

वणीकडच्या गावात वाढलो, त्यामुळे कोळशाच्या ट्रकांची धूळ अंगवळणी पडलेली. एम.टेक.ला प्रबंधाचा विषय घेतला: वीजकेंद्रात पकडलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या साठवणीच्या जागेपर्यंत न्यायला खर्च किती? वाटलं, सोपं आहे, किलोमीटर गुणिले दर. तीन महिने तिथेच वाया गेले.

या विषयात नवीन असाल तर अंतराआधी वजन विचारा. कोळशावरचा ५०० मेगावॉटचा एक संच वर्षाला साधारण ३० लाख टन वायू सोडतो. २० टनी टँकर धरले तर रोज चारशेवर फेऱ्या. म्हणजे रात्रंदिवस दर साडेतीन मिनिटांना एक भरलेला टँकर, आणि तेवढेच रिकामे परत. आमच्या रस्त्याची दशा पाहता हे गणित मी तिथेच सोडलं.

पाइपलाइनच्या खर्चाचा मुख्य भार सुरुवातीच्या भांडवलावर. समजा लाइन १०० कोटींची, मुदत २५ वर्षं, व्याज ८ टक्के. वर्षाचा हप्ता सुमारे ९ कोटी ३७ लाख. ३० लाख टन वाहिले तर टनामागे ३१ रुपये, ३ लाखच मिळाले तर ३१२. लाइन तीच! वायू कमी असेल तर नळ बारीक टाकता येतो, पण खोदकाम आणि जमिनीचा मोबदला त्या मानाने उतरत नाही.

माझी मोठी चूक वेगळीच होती. टँकरच्या रकान्यात वायू थंड करून द्रव करायचा खर्च धरला, पाइपलाइनच्या रकान्यात वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची वीज धरलीच नाही. सरांनी लाल पेनाने गोल केला. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मंग कापसावानीच झालं हे. मोकळा नेला तं गाडी फुगते, वजन भरत नाही. गाठी बांधाचा खर्च कोन धरन?" माझ्या प्रबंधातलं सर्वांत स्वच्छ वाक्य हेच, छापता आलं नाही.

उन्हाळाही विसरू नका. ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि आपला मे पंचेचाळिशीचा. म्हणून पुस्तकातले थंड देशांचे कॉम्प्रेसरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

"आपल्याखाली काळा पाषाण आहे, तिथेच जिरवा, न्यायचं कशाला?" हेही ऐकाल. आइसलँडमध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये, म्हणजे अशाच काळ्या पाषाणात, सोडतात, पण टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. ती पद्धत इकडे धरायची असेल, तर तक्त्यात पाणी आणण्याचाही रकाना आखा.