गावात शेतीचं संग्रहालय मांडण्याआधी

सोलापूर भागातल्या एखाद्या गावात जुन्या शेतीचं संग्रहालय मांडायचं असेल, तर वस्तू गोळा करण्याआधी वही नि मोबाईल घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा. तिफण, म्हणजे तीन नळ्यांनी बी पेरायचं अवजार, माळ्यावर अजून काही वर्षं निघेल. तिच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरलेली आजी तेवढी थांबेलच असं नाही. मूठ किती सैल सोडायची, एकाच मुठीतलं बी तिन्ही नळ्यांत सारखं कसं पडतं, एखादी नळी तुंबली तर कसं ओळखायचं, हे तिलाच विचारा. रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. तेव्हा बैल जुंपून रानातच चित्रीकरण करा, कारण ओसरीवर बसून सांगताना निम्मं राहून जातं.

मग नांगर, कुळव, जू, शिवळा (जुवाच्या खुंट्या), मोरक्या (बैलांच्या तोंडावरच्या दोऱ्या), घुंगरमाळा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा: कुणाच्या घरची, कुठल्या लाकडाची, कोणत्या सुताराच्या हातची. व्हर्निश मुळीच नको. रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, हातांनी घासून आलेली झाक त्याखाली जाते, आणि मला तरी तीच सगळ्यात मोलाची वाटते. वाळवी लागलेलं लाकूड पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. फाळाचा गंज घासून तेलाचा हात फिरवा. विहिरीतून पाणी उपसायची कातडी मोट मिळालीच तर घडी घालू नका, घडीवर कातडं चिरतं. आत कापडाचे बोळे भरून टांगा आणि शेजारी तिचे दोर, नाडा नि सोंदूर, ठेवा.

ज्वारीला मात्र स्वतंत्र खोली द्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळला निवडलं गेलं; हे भिंतीवर ठळक लिहा. कणसं, कडब्याची पेंढी, गोफण मांडा. मापं ओळीनं ठेवा: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पोरांना धान्य ओतून मोजू द्या. पेवाचा, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचा, उभा छेद मातीत करून दाखवा. जुन्या बंद पेवात कुणालाही उतरवू नका, आत कोंडलेल्या वायूनं माणूस गुदमरतो.

उद्घाटन मे महिन्यात नको. हुरड्याच्या दिवसांत ठेवा, आणि वस्तू देणाऱ्या घरांना आमंत्रण आधी पोचवा.